राक्षस घेऊन नाशकाला

आमच्या कऱ्हाडाकडच्या माणसाला नाशिक म्हंजे एकच ठाऊक. कुणी मेलं की राख घेऊन जायचं ठिकाण. मी जिताजागता गेलो आणि राख न होता परत आलो, म्हणून ज्यांनी नाशिक बघितलं न्हाई त्यांच्यासाठी ही हकीकत. मला अक्षर येत न्हाई. बोलतो मी, लिहितो धाकटा भाऊ. जिथं मी शहाणा वाटेन तिथं त्यानं आपलं घुसवलंय असं समजा.

मी नाटकमंडळीत राक्षस हाय. मंडळी ताराक्कांची, म्हंजे त्यांच्या सासऱ्यानं काढलेली. नाटक एकच, 'तळ्याचा राक्षस'. तळासुर नावाचा राक्षस गावच्या तळ्याला कुलूप घालून बसतो, माणसं तहानेनं मरायला लागतात, मग राजपुत्र येतो, राक्षसाला मारतो, कुलूप उघडतो, पाणी वाहतं, आरती. राजपुत्र म्हंजे आमचे वसंतराव. गोरे, गाणारे, आणि मारताना खरंच मारणारे.

माझा साज सांगतो, कारण पुढं सगळं रामायण त्याच्यावरनंच झालं. पायात बूट, कारण फळ्यांवर अनवाणी पावलं वाजत न्हाईत. पोटाला उशी, कारण माझं पोट पाठीला लागलेलं. मिशा घोड्याच्या शेपटीच्या, कारण मला मिशाच फुटल्या न्हाईत. कपाळावर आडवं जाड गंध, कारण लहानपणी म्हशीनं शिंग मारलेलं, त्याची खूण झाकायला. आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कारण तळ्याला कुलूप. ह्यात कुणाचं काही वाकडं हाय असं मला तरी कधी वाटलं न्हाई. आमच्याकडं लोक मला बघून हसतात, पोरं दगड मारतात, आणि सकाळी त्याच पोरांच्या आया मला ताक देतात. झालं.

चांदवड

मनमाडला गाडीतनं उतरून पुढं लॉरीनं चांदवडला आलो. पौषाची थंडी. डोंगर असे, की कुणी कोयत्यानं वरचा भाग सपाट कापून टाकलाय. आणि खाली जिथं बघावं तिथं कांदा. शेतात कांदा, खळ्यात कांदा, रस्त्याकडंला कांद्याचे ढीग आणि ढिगावर माणसं हात गुडघ्यात घालून बसलेली. मी अक्कांना म्हणालो, "काय सुखी मुलूख हाय!" त्या म्हणाल्या, "ढिगाकडं बघू नको, माणसाच्या तोंडाकडं बघ." मी बघितलं. तोंडं काय सुखी न्हवती. भावच उरला न्हवता कांद्याला.

बाजाराचा दिवस होता, खेळ दुपारीच लावला. मी पोट पुढं करून आलो, किल्ल्या वाजवल्या आणि माझं ठरलेलं बोललो, "माझ्या दारात आल्याशिवाय जाशील कुठं?" आमच्याकडं ह्यावर हसतात. इथं एकदम चिडीचूप. मग मागनं कुणीतरी ओरडला, "ए आडत्या! तोलून घे की!" आणि पहिला कांदा माझ्या नाकावर बसला.

त्यानंतरचं मला नीट दिसलं न्हाई. कांदे नुसते येत होते. वसंतराव राजपुत्र असून माझ्या मागं लपले. मला वाटलं माझं काम वाईट झालं, म्हणून मी आणखी जोरात केलं. तसे आणखी कांदे आले. अक्कांनी सगळे गोळा केले आणि दोन दिवस आम्ही पिठलं-कांदा, कांदा-पिठलं असं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ज्यानं पहिला कांदा मारला तोच शेतकरी बिऱ्हाडाशी हजर. मी पळायच्या बेतात. तो म्हणाला, "पाव्हणं, चला जेवायला. कारभारनीनं भाकऱ्या टाकल्यात."

"काल मारलंत की मला?"

"तुमाला कुठं मारलं? त्या पोटाला मारलं. आमच्या कांद्याचा भाव पाडनारा आडत्या असाच पोट घेऊन बसतो बगा, हुबेहूब. तुमी पाह्यलाय का त्याला? नाय? मंग जमलं कसं?"

बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. आमच्या शाळूच्या भाकरीपेक्षा जड, पण थंडीत पोटात शेगडी ठेवल्यासारखी. जेवताना त्याचा म्हातारा बाप म्हणाला, त्यानं हेच नाटक तरणेपणी बघितलेलं, तेव्हा सगळ्यांना राक्षस म्हंजे दुष्काळ वाटलेला. मी विचारलं, "मग खरा कोण?" म्हातारा म्हणाला, "ते राक्षसाला ठाव पायजे. मला काय इचारतो?"

मला ठाव न्हवतं.

पेठ

तिथनं नाशिक ओलांडून पेठ गावाला गेलो. वाट नुसती वर-खाली, लॉरीत मी तिघांच्या अंगावर ओकलो, त्यात वसंतराव एक. सागाचं जंगल, पानं वाळून वाजणारी, आणि माणसं अशी शांत की आपल्यालाच आपण बोंबलतोय असं वाटावं. खायला नागलीची, म्हंजे नाचणीची, काळी भाकरी आणि उडदाची आमटी. भाकरी बघून मला वाटलं करपली; मी वरचा पापुद्रा काढायला गेलो तर वाढणारी बाई हसून हसून चुलीवर पडायची राहिली.

खेळाला पुष्कळ माणसं जमली. मी आलो, बूट आपटले, मिशीवर ताव दिला. पहिल्या दोन रांगा उठून झाडांमागं गेल्या! तिथनंच डोकावून बघत राहिल्या. कांदा न्हाई, शिवी न्हाई. वसंतरावांनी मला मारलं तरी टाळी न्हाई. वसंतराव लई हिरमुसले.

सकाळी डोळे उघडतो तर पुढ्यात एक म्हातारा, काखेत कोंबडी. कोंबडी माझ्या पायाशी ठेवून म्हणाला, "सायेब, साग नाय तोडला. सरपणच व्हतं. लिवू नको."

"बाबा, मी साहेब न्हाई, मी नाटकातला."

"व्हय सायेब."

मी म्हणालो ह्याला दाखवूच. पेटीतनं मिशा काढल्या, तोंडाला लावल्या, पुन्हा काढल्या. "हे बघा, खोट्या!" म्हातारा दोन पावलं मागं सरला. संगं आलेल्या पोराला म्हणाला, "आता बिनमिशीचा पन फिरतो ह्यो. वळखायचा कसा?"

जंगलात गवत कापण्यावरनं तिकडं मागं जंगलखात्याच्या साहेबांनी पुष्कळ धरपकड केलेली, हे मला नंतर कळलं. शेवटी कोंबडी परत देता देता मी विचारलं, "बाबा, राक्षस मेला तेव्हा आनंद का न्हाई झाला?"

तो म्हणाला, "ह्यो मेला तं नवा येल. नव्याची सवय व्हाया टाइम लागतो. ह्योच बरा, कोंबडीवर भागतो."

ह्यावर हसावं का रडावं ते मला कळेना, तेवढ्यात कोंबडीनं बोटाला चोच मारली, म्हणून रडलो.

नाशिक

नाशिक मोठं शहर. तांब्यापितळेची भांडी ठोकणारे, घाटावर सोवळ्यातली माणसं, चिवड्याचा वास. बोलणं पुण्यासारखं स्वच्छ; मी तोंड उघडलं की लोक मागं वळून बघायचे. मैदान एका शेठजींनी दिलेलं. पण तंबू ठोकायच्या आधीच फौजदारसाहेबांचं बोलावणं आलं, राक्षस साजासकट हजर करा म्हणून. चांदवडची आणि पेठची खबर आमच्या आधी पोचलेली.

"परवाना देतो," फौजदारसाहेब म्हणाले. "पण एक अट. तुमचा राक्षस कुणासारखाही दिसता कामा नये."

अक्का म्हणाल्या, "राक्षस राक्षसासारखा दिसतो, साहेब."

"बाई, हे दिवस तसले नाहीत. मिठाच्या गडबडीपासून बघतोय मी. पुराण लावा, कीर्तन लावा, लोक ऐकतात देवाचं आणि शिव्या देतात सरकारला. एक आरोळी उठली तर परवाना रद्द. आणि रद्द झालेला कागद मी पुढच्या जिल्ह्यांत पाठवतो."

म्हंजे मंडळी मोडलीच. परवाना गेलेल्या मंडळीला कोण दारात उभं करतो? अक्कांना मागंपुढं कुणी न्हाई, हा तंबू हेच घर. आणि मी परत गावी मडकी करायला. माझी मडकी गळतात, हे गावाला ठाऊक हाय.

म्हणून मी म्हणालो, "साहेब, तुम्हीच सांगा काय काढू."

त्यांनी छडी उचलली आणि खालनं सुरुवात केली. "बूट काढ. बूट म्हणजे गोरे साहेब." काढले. "उशी काढ. शेठजी पहिल्या रांगेत बसणार." काढली. छडी मिशांपाशी आली. साहेबांनी हळूच स्वतःच्या मिशांना हात लावला. "ह्याही काढ." मग गंध. इथं पंचवटीत देवळाच्या दारावरनं मोठा तंटा चाललेला. एकीकडं ज्यांना आत घेत न्हाईत ते दाराशी धरणं धरून, एकीकडं आतले. "गंध पूस. आणि किल्ल्या? किल्ल्या तर मुळीच नकोत."

उरलो मी. काळा, वाळका, लंगोटीवर, कपाळाला म्हशीची खूण. साहेबांनी भोवती फिरून बघितलं. "आता कोणासारखा दिसतो?"

वसंतराव म्हणाले, "कुणीच न्हाई, साहेब."

"उत्तम," साहेब म्हणाले.

थंडी मरणाची, म्हणून मी एक घोंगडी पांघरली. बूट गेल्यावर पावलं वाजेनात, तर वसंतरावांनी पेटीतनं घुंगरांची काठी काढून दिली. आपटली की छान वाजायची. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात काही आलं न्हाई. माझ्या डोक्याचं सोडा, पण अक्कांच्याही आलं न्हाई.

पहिला खेळ दिवेलागणीला झाला. आणि काय सांगू! आरोळी न्हाई, कांदा न्हाई. वसंतरावांनी मला मारलं तशी सगळ्यांनी टाळी दिली. शेठजींनी दिली, गंधवाल्यांनी दिली, खादीच्या टोपीवाल्यांनी दिली, फौजदारसाहेबांनी तर उभं राहून दिली. अख्खं शहर एका मताचं झालेलं मी तेवढंच बघितलं. माझी छाती ही एवढी फुगली. साहेब म्हणाले, "बघ, असं काम करावं. कुणाची तक्रार नाही."

फक्त एक गोष्ट झाली. आमच्याकडं असते तशीच इथंही रीत. ज्यांना आत बसू देत न्हाईत ती माणसं कनातीच्या बाहेर उभी राहतात आणि खालचा पडदा हातभर उचलून बघतात. मी फळीवर मरून पडलो की मला तिकडचे पाय आणि वाकलेली तोंडं दिसायची. त्या दिवशी मी मरून बघतो तर पडदा खाली सोडलेला. तिकडं कुणीच न्हाई.

मला वाटलं थंडीनं गेले.

दुसरा दिवस

सकाळी गंगेवर, म्हंजे गोदावरीला तिथं गंगाच म्हणतात, गावाच्या बरंच खाली घोंगडी धुवायला गेलो. घाटावर धुतली असती तर तिथल्यांनी मलाच धुतलं असतं. एक म्हातारी गवताचा भारा टेकवून बसलेली. माझ्याकडं बघत राहिली.

"तूच का रं कालचा? मेलेला?"

मी खूश. "व्हय आज्जी. कसं झालं काम?"

"माझा मालक वेसकर व्हता," ती म्हणाली. "गावाची राखन करायचा. अशीच घोंगडी, अशीच घुंगराची काठी. जल्मभर गावाला जागवलं त्यानं. पन गावाच्या पान्याला कदी बोट लावू दिलं नाय त्याला."

मी घोंगडी हातात धरून उभा.

"अन् तुमच्या नाटकात पानी त्यानंच अडवलं व्हय?"

"आज्जी, तसं न्हाई हो! फौजदारानंच सांगितलं, कुणासारखा दिसू नको."

ती माझ्याकडं बघतच राहिली, चिडून न्हाई, आपण वेड्या माणसाकडं बघतो तशी. मग म्हणाली, "कुनासारखा नको म्हनून आमीच घावलो?"

हातातली घोंगडी कधी सुटली कळलं न्हाई, गेली वाहत. म्हातारीनं भारा डोक्यावर घेतला आणि चालायला लागली.

बिऱ्हाडावर येऊन अक्कांना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला.

"म्हणून सगळ्यांनी टाळी दिली," त्या म्हणाल्या.

वसंतराव म्हणाले, "मग आज बूट घाल. न्हाई तर उशी. काहीतरी एक घाल बाबा, मी मारू कुणाला?"

"बूट घातले तर परवाना जातो," मी म्हणालो. "उशी बांधली तर मैदान जातं. मिशा लावल्या तर फौजदार मला नेतो. आणि असाच गेलो तर ती म्हातारी..." मी अक्कांच्या पुढ्यात बसलो. "अक्का, मला बाई करा. राक्षसीण."

"म्हंजे आता आमच्यावर होय रे?" अक्का म्हणाल्या.

मग अक्का एकदम म्हणाल्या, "धोंडबा, तू जाऊच नको."

"कुठं?"

"बाहेर. स्टेजवर. तळ्याचं दार, दाराला कुलूप, बास. तू आत बसून दोरीनं कुलूप हलव."

"आणि राक्षस?"

"असंल तिथंच. कुणासारखा दिसायचा न्हाई ना? मग दिसायलाच नको."

मला लई वाईट वाटलं. इतकी वर्षं राक्षस केला, आणि शेवटी मालकिणीला माझ्यापेक्षा मोकळी जागा बरी वाटली. पण दोरी घेऊन बसलो.

पडदा वर गेला. समोर दार, कुलूप, कुणी न्हाई. मी दोरी ओढली, कुलूप खडखडलं. लोक बघायला लागले. वसंतराव आले, तलवार उपसली आणि मोकळ्या जागेला म्हणाले, "दुष्टा, पाणी सोड!" मला आत हसू फुटलं, मी तोंडात धोतर कोंबलं. आता पुढं लोक हसणार, आणि उद्या आपण मडकी करणार.

कुणी हसलं न्हाई.

पुढच्या रांगेतला एक माणूस उठला, त्या मोकळ्या जागेकडं बोट करून काहीतरी ओरडला. त्याच्या शेजारचा दुसरंच ओरडला. मागच्यांनी तिसरंच. शेठजीसुद्धा उठले, ते कुणाला शिव्या देत होते देव जाणे, पण त्यांचा शेला खाली पडला तरी त्यांना भान न्हवतं. गंधवाला ओरडतोय, टोपीवाला ओरडतोय, सगळे एकाच जागेकडं बघतायत आणि एकाचा राक्षस दुसऱ्याशी जुळत न्हाई. आणि कनातीचा पडदा हातभर उचललेला. तिकडनं म्हातारीचा आवाज आला, तो मी ओळखला. "उघड ना रं दार! किती बसशील?" तिच्यामागं पुष्कळ आवाज.

मी असा गोंधळलो की मरायचंच विसरलो. राक्षस पडल्याचा धपका मी आतनं करायचा होता. वसंतराव तलवार खुपसून उभे, घामाघूम, ओठ न हलवता म्हणतायत, "पड की रं!" मी आतनं म्हणालो, "मी हाय कुठं पडायला?" शेवटी पिठाचं पोतं ढकललं. दार उघडलं. आत पाण्याऐवजी पांढराफेक मी.

खेळ संपला तसे फौजदारसाहेब आत आले. खुर्ची मागितली, परवान्याचा कागद मागितला. अक्कांनी दिला.

साहेबांनी लेखणी बुडवली. "अट मोडली. आरोळ्या झाल्या. सबब परवाना रद्द. कारण, राक्षस हा..." लेखणी थांबली. "राक्षस हा हुबेहूब..."

अक्का म्हणाल्या, "लिहा साहेब. कुणासारखा दिसला?"

साहेबांनी मोकळ्या फळ्यांकडं बघितलं. मग कागदाकडं. मग पुन्हा फळ्यांकडं. शाईचा ठिपका कागदावर पडला, पसरला. खाली सही त्यांची असणार होती. मग त्यांनी कागद अक्कांच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "उजाडायच्या आत नाशिक सोडा. मी काही लिहिलेलं नाही."

अक्कांनी कागद कमरेला खोचला, आणि तंबूच्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

पहाटे लॉरी भरत होतो. साहेब आले, एकटेच, साधी बंडी घालून; मी आधी ओळखलंच न्हाई, चहा मागायला आलेला वाटला. मला बाजूला घेतलं.

"तू आत होतास. तुला समोरून दिसत असेल."

"काय, साहेब?"

त्यांनी मागं वळून बघितलं, रस्त्यात कुणी न्हवतं. "त्याला टोपी होती का रे? विलायती? मोठी?"

मी काय सांगणार? मी म्हणालो, "मला न्हाई दिसली, साहेब."

"होती," ते म्हणाले. "उंच होता, आणि टोपी होती." आणि मिशा पुसत भराभरा निघून गेले.